बिननंबरी

सकाळी सातला तासगावच्या शेडमध्ये
मला बेदाणा दिसत नाही, नुसता वास येतो.
ट्यूबलाइटभोवती खळं पडतं, चंद्राला पडतं तसं.
समोरची शेवंता बिनतोंडाची,
हातांनीच बोलते.
अकराच्या पुढं तिला नाक फुटतं,
डबा उघडेपर्यंत डोळे येतात,
आणि चारला मी तिच्या चमकीतला खडा
खरा की काचेचा ते सांगू शकते.

आवटी डॉक्टर म्हणाले, रात्रभर पापणी मिटलेली,
पाणी उडून जायला वाट नाही,
म्हणून बुबुळावरची काच फुगते.
मोतीबिंदू काढला तेव्हाच आतला उपसा निम्मा बंद पडलाय.
म्हटलं, म्हणजे मोटर जळली आणि विहीर चढली?
म्हणाले, तसंच समजा.

चौदा वर्षं द्राक्षाचा बेदाणा होताना बघितला.
बुडवण, जाळी, वारा, पंधरा-सोळा दिवस,
पाणी जातं, गोडी राहते.
आणि माझ्या डोळ्यानं उलटं धरलं,
बेदाण्याचं परत द्राक्ष.

आधी मिठाचे थेंब दिले. कैरीला मीठ लावलं
की पाणी सुटतं, तसं हे ओढून घेतं म्हणे.
ओढायचं, पण पुरायचं नाही.
पहाटे फोड फुटायचे.
पापणी उचलली की डोळ्यात कुणी काडी मोडायचं,
तीच काडी,
जी मी दिवसभर बेदाण्याची मोडते.
कळवळायचं नाही, घरात सगळे झोपलेले.

मग मिरजेला निलोफर मुजावरनं
बोटाच्या टोकावर काहीतरी धरलं. मला बोटच दिसलं.
"मावशी, वर बघा, पंख्याकडं."
गार लागलं. एवढंच.
"नंबर कितीचा?"
"नंबर नाही ह्याला. ह्यानं जास्त दिसणार नाही.
हे नुसतं मध्ये बसणार."

मध्ये बसणार.
घासणारी पापणी इकडं, सोललेलं बुबुळ तिकडं,
मध्ये पाण्याएवढी पातळ एक चकती.
आमच्या घरात
असं मध्ये बसणारं कुणी
कधी नव्हतं.

त्या रात्री झोपले. सासू म्हणाली, घोरलीस.

रोज चार वेळा थेंब, चोळायचं नाही,
डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही,
महिन्यानं बदलायचं, लाल झालं तर त्याच दिवशी यायचं.
हे सगळं भूपाल मुकादमाला पाठ आहे,
कारण बुधवारी शिंक आली आणि भिंग पडलं
पिवळ्या मालाच्या ढिगात.
त्यानं पट्टा थांबवला. शिव्या दिल्या, पण थांबवला.
गिऱ्हाइकाच्या खिरीत निघालं तर? म्हणाला.
नऊ बायका दाणा दाणा बाजूला सारत होत्या,
माझ्या डोळ्याचा तुकडा शोधत,
मला सोडून, कारण मला दिसत नव्हता.

शेवंताला गावलं. सुकलेलं, कडा वळलेल्या,
द्राक्षाच्या सालीसारखं.
"घे," म्हणाली, "एक नंबर माल. काडी नाही, डाग नाही."
पडलेलं परत घालायचं नसतं.
तरी रुमालाच्या गाठीत बांधून ठेवलंय.

आज नवीन घालायला मिरजेला निघालेय.
यादीत नाव आहे. कधीतरी बुबुळ येईल.
कुणाचं, ते सांगत नाहीत.
तोपर्यंत हे, महिन्याच्या महिन्याला.
पण ते ज्याचं येणार
तो आत्ता कुठंतरी चहा फुंकत असेल,
पेपरातलं बारीक अक्षर वाचत असेल,
चष्मा न लावता.

एसटीत हल्ली माणसांच्या डोळ्यांकडं बघत नाही.
बघितलं तर मागितल्यासारखं होतं.
तिकीट घेतानासुद्धा
कंडक्टरच्या बोटांकडंच बघते,
आणि सुटे पैसे चाचपून मोजते.